कबुलीजबाबासह विकणे आहे

दुसऱ्यांचे दस्तऐवज तपासण्यात ज्याची उभी हयात गेली, अशा माणसाची विकणाऱ्यांविषयी एक समजूत हळूहळू पक्की होत जाते, ती अशी की विकणारा गुण नेहमी मोठ्याने सांगतो. शेत विकणारा विहिरीच्या पाण्याची, बांधावरच्या आंब्यांची आणि लगतच्या कब्जेदाराच्या सौजन्याचीसुद्धा तारीफ करील, मात्र त्याच कब्जेदाराने दिवाणी न्यायालयात लावलेला दावा खरेदीखताच्या आदल्या रात्रीपर्यंत त्याच्या स्मरणात येणार नाही. आणि नदीकाठचे घर विकणारा गच्चीवरून दिसणाऱ्या प्रवरेचे रसाळ वर्णन करील, मात्र पावसाळ्यात ती ओट्यापर्यंत येते हे सांगण्याचे काम तो प्रवरेवरच सोपवील. गुण हा उच्चारण्याचा आणि दोष हा गिळण्याचा विषय आहे, या नियमावर निबंधक कार्यालयाच्या बाकावर बसून माझी जी श्रद्धा जडली होती, ती सेवानिवृत्तीनंतर ढळली. जगात अशीही एक वस्तू आहे की जिच्या विक्रीत गुण गिळावे लागतात आणि सामान्यपणा तेवढा ओरडून सांगावा लागतो, हे ज्ञान मला माझ्या भाच्याने विकायला काढलेल्या मोटारीमुळे झाले.

ही मोटार म्हणजे फोक्सवॅगन कंपनीची पोलो, त्यातही 'जीटी टीडीआय' या उपनामाची, दीड लिटरच्या डिझेल एंजिनाची, आणि कंपनीच्या कागदाप्रमाणे 105 अश्वशक्तीची. संगमनेरला ती परकी मुळीच नव्हती. चाकणच्या ज्या कारखान्यात 2009 च्या अखेरीपासून 2022 पर्यंत या पोलो तयार झाल्या, तो कारखाना आणि आमचे गाव एकाच पुणे-नाशिक मार्गाच्या आधाराने जगत आहेत. तेव्हा मंचर, नारायणगाव, आळेफाटा, घारगाव असे टप्पे घेत चंदनापुरीचा घाट उतरून प्रवरा-म्हाळुंगीच्या संगमावर येणे, हा तिचा जवळजवळ जन्मसिद्ध प्रवास होता. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाची उत्सर्जन मर्यादा लागू झाली, कंपनीने या देशातील डिझेल मोटारींचा नाद सोडला, आणि जी एंजिने आधीच रस्त्यावर उतरली होती त्यांना त्यांच्या भक्तमंडळींत आपोआप चिरंजीवित्व प्राप्त झाले. माझा भाचा या भक्तमंडळींपैकी. तो चाकणलाच एका सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरीस असून दर शनिवारी घरी येतो, आणि येताना एकेका शनिवारी मोटारीचा एकेक अवयव बदललेला असे. त्याच्या भाषेत याला गाडी 'बनवणे' म्हणतात. कंपनीने काय केले होते, असा प्रश्न माझ्या मेहुण्यांनी एकदा विचारला, त्याला उत्तर मिळाले नाही.

या बनवण्याचा तपशील मी कुतूहलाने समजावून घेतला, कारण त्यातील मुख्य कृत्य माझ्या खात्याच्या फार जवळचे निघाले. हल्लीच्या एंजिनात किती डिझेल सोडावे आणि टर्बोने हवेचा दाब किती चढवावा, हे ठरविणारी एक संगणकपेटी असते. तिच्यात आकड्यांची भलीमोठी कोष्टके असतात. आणि सुकाणूचक्राच्या खालच्या खाचेत तार खुपसून, मांडीवरच्या लॅपटॉपवरून ती कोष्टके बदलली की तेच लोखंड, तेच डिझेल आणि तोच मालक असताना 105 चे 140 होतात म्हणे. याला रिमॅप म्हणतात, आणि त्याच्या पहिल्या पायरीला 'स्टेज वन'. दप्तरातील मूळ नोंदीत खाडाखोड करून मिळकतीचे क्षेत्रफळ वाढविल्याबद्दल निलंबित झालेली माणसे मी पाहिलेली आहेत. परंतु येथे खाडाखोड करणाऱ्यास पंचवीस-तीस हजार रुपये देऊन वर त्याच्याबरोबर छायाचित्र काढून घेतात. पुढे, हवेच्या गाळणीचा कंपनीचा डबा काढून तेथे उघडा शंकू आला. सायलेन्सर जाऊन रुंद नळी आली. मूळ स्प्रिंगा जाऊन आखूड स्प्रिंगा आल्या, म्हणजे गाडी 'खाली बसली'. आणि पंधरा इंची चाकांच्या जागी सतरा इंची चाके आली.

खाली बसलेली गाडी संगमनेर तालुक्यात वापरणे हा स्वतंत्र योगाभ्यास आहे. प्रत्येक गावाच्या वेशीवर, प्रत्येक शाळेसमोर आणि ज्याच्या घरासमोर कधीकाळी कोंबडी मेली अशा प्रत्येक पुढाऱ्याच्या दारी जो गतिरोधक असतो, तो सरळ ओलांडला तर पोट घासते म्हणून भाचा तो तिरपा ओलांडी. त्या तिरकस संचारात एकेक चाक सावकाश चढून सावकाश उतरेपर्यंत मागे उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली, दुधाचा टेम्पो आणि एसटी अशी मिरवणूक जमे, आणि ज्या गाडीत तालुक्यातील सर्वाधिक वेग साठविलेला होता तिच्या मागेच तालुक्यातील सर्वाधिक खोळंबा होई. नव्या नळीचा आवाज मात्र बहिणीच्या पथ्यावर पडला. बाह्यवळणावर तो ऐकू आला की ती तवा ठेवी, आणि गाडी दारात येईपर्यंत पहिली पोळी ताटात पडे. मेहुण्यांचे गणित वेगळे होते. गाडीवर झालेल्या प्रत्येक खर्चाचे ते लगेच विहिरीच्या बांधकामात रूपांतर करीत, आणि माझ्या अंदाजाप्रमाणे त्यांच्या हिशेबी ती विहीर बरीच खोल गेली होती.

मग भाच्याचे लग्न ठरले, भावी सासऱ्यांचे गुडघे दुखरे निघाले, आणि ज्या आसनात बसण्यासाठी आधी जमिनीवर बसण्याची तयारी ठेवावी लागे ते वाहन विकण्याचे ठरले.

जाहिरातीचा मसुदा घेऊन तो माझ्याकडे आला, याचे कारण माझ्या अक्षराविषयी आणि कायदेशीर भाषेविषयी आमच्या घराण्यात वाजवीपेक्षा अधिक आदर आहे. मसुदा त्याने मनापासून लिहिलेला होता. 'विकणे आहे' या प्रास्ताविकानंतर स्टेज वन, 140 घोडे, मोठी नळी, उघडी गाळणी, आखूड स्प्रिंगा, सतरा इंची चाके, प्रत्येकासमोर खर्चाचा आकडा, आणि शेवटी 'हौशी मालकानेच संपर्क साधावा' अशी एक सूचना. मी चष्मा लावला आणि सवयीप्रमाणे विचारले, "यातले आरसी बुकात काय काय आहे?"

"काहीच नाही, मामा."

"मग तू हे कोणत्या आधाराने लिहून देतोस?"

त्याला प्रश्नाचे प्रयोजन कळेना, म्हणून मला कायद्याचे पुस्तक काढावे लागले. 1914 चा पहिला आणि 1939 चा दुसरा कायदा मागे टाकून आलेल्या 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम 52 सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न होतील असा फेरफार मालकाला आपल्या वाहनात करता येणार नाही. आणि केरळातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा अर्थ चांगलाच घट्ट लावला. रूढ वाट सोडू नये, असा उपदेश याच संगमनेरच्या शाहीर अनंत फंदींनी आपल्या प्रसिद्ध फटक्यात करून ठेवला होता. फंदी 1819 साली वारले, म्हणजे त्यांचे मत वरिष्ठ न्यायालयात कायम व्हायला बरोबर दोनशे वर्षे लागली. दिवाणी दाव्यांचा माझा अनुभव लक्षात घेता हा विलंब अवाजवी म्हणता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ नव्या रूपात आले, आणि असा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. 'प्रत्येक फेरफारामागे' हे शब्द ऐकताच भाच्याने मसुदा परत घेतला, बोटे मोजली आणि खोल आवाजात म्हणाला, "म्हणजे मामा, मी जाहिरातीत पंचवीस हजारांचा दंड स्वतःच्या अक्षरात लिहिलाय."

येथे खरी अडचण माझ्या ध्यानी आली. त्या गाडीचा असा एकही गुण नव्हता की जो उच्चारला असता त्याचा कबुलीजबाब झाला नसता. एंजिन जोमदार आहे म्हणावे तर परिवहन खाते ऐकणार. चाके मोठी आहेत म्हणावे तर विमा कंपनी ऐकणार, कारण वाहनात मूळ रचनेबाहेर काही बदल केले आहेत काय, हा प्रश्न तिनेही विचारलेला असतो आणि त्यापुढे भाच्याने सालाबादप्रमाणे 'नाही' लिहिलेले असते. आणि एकूण खर्च एवढा झाला म्हणावे तर माजघरातून मेहुणे ऐकणार. बरे, एवढे धाडस करूनही पुरावा काय देणार? 140 हा आकडा सांगणारा मनुष्य लॅपटॉप मिटून केव्हाच निघून गेला होता. गाडी स्थिर अवस्थेतून शंभराचा वेग आठ सेकंदांत गाठते हे पाहणारे दोन साक्षीदार होते, परंतु त्या रात्री आपण अभ्यासिकेत होतो असे त्या दोघांनीही आपापल्या घरी सांगून ठेवलेले असल्यामुळे त्यांची साक्ष नोंदविणे अशक्य होते.

आमच्या भागात वेगाची खरेदी-विक्री काही नवी नाही, आणि म्हणूनच ही विसंगती मला अधिक बोचली. शर्यतीच्या बैलाचे पाहा. त्याला दूध पाजतात, अंडी चारतात, त्याच्या अंगाला मालिश होते, घरच्या मुलांपेक्षा त्याची बडदास्त अधिक राखली जाते, आणि हा सारा खर्च विक्रीच्या वेळी किमतीत चढतो; बैल एकदा जत्रेत पहिला आला की मालक जी किंमत उच्चारतो ती ऐकून चारचाकीचा मालकही खाली पाहतो. बैलाला खुराक घातलेला पैसा परत येतो आणि टर्बोला घातलेला येत नाही, याचे कारण मला तरी असे दिसते की बैल भर दुपारी, ध्वनिक्षेपकावर नाव पुकारून, अख्ख्या गावासमोर आणि घड्याळ लावून पळतो. त्याचा वेग जाहीर आहे, मोटारीचा गुप्त. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद पाडल्या, तेव्हापासून डिसेंबर 2021 मध्ये त्या पुन्हा सुरू होईपर्यंत बैलांचे मालकही असेच कुजबुजत बोलत असत, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविल्यावरच त्यांना पूर्ववत कंठ फुटला. बैलाची बाजू विधिमंडळाने घेतली. पोलोसाठी कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही.

निरुपायाने उलटा प्रवास सुरू झाला. प्रत्येक मूळ भाग भाच्याने वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जपून ठेवला होता, ही गोष्ट त्याच्या चारित्र्याविषयी माझे मत एकदम उंचावणारी ठरली. सायलेन्सर उतरला, डबा उतरला, स्प्रिंगा आणि पंधरा इंची चाके उतरली, आणि एका रविवारी अंगणात ती मोटार हळूहळू आपल्या पूर्वायुष्यात परत गेली. काढलेले भाग मात्र हातोहात खपले. नाशिकहून एक तरुण नळीसाठी आला, पुण्याहून दोघे चाकांसाठी. त्यांनी घासाघीस थोडी आणि कौतुक पुष्कळ केले, मिळाले ते मूळ किमतीच्या निम्म्याहून कमी असले तरी हसतमुखाने मिळाले, आणि हा जो गुन्हेगारीचा सुटा सुटा बाजार होता त्यात मला जेवढा सचोटीचा व्यवहार दिसला तेवढा सचोटीचा व्यवहार मी उभ्या नोकरीत क्वचित पाहिला. रिमॅप तेवढा राहिला. तो दिसत नाही, आणि परत फिरवायचा तर पुन्हा पैसे पडतात.

नवी जाहिरात मी लिहिली. सिंगल ओनर, एमएच सतराचे पासिंग, बोजा नाही, घरगुती वापर. माझ्या लेखणीतून एवढा निर्गुण मजकूर पूर्वी उतरलेला नव्हता, आणि फोन मात्र दिवसभर वाजू लागला. 'फायनल किती?' एवढा एकच प्रश्न विचारून नाहीसे होणारे लोक त्यात बहुसंख्य होते. ते गाडी घेत नाहीत, ते देशातील किमतींची पाहणी करीत असावेत. काही तरुण चौघे-चौघे मिळून येत, घाटापर्यंत चालवून पाहत, शीतपेय पिऊन जात, आणि घेणारा त्या चौघांतला कोण, हे जाईपर्यंत कळत नसे. एका सद्गृहस्थांनी गाडीच्या बदल्यात राहात्याकडचा एक गुंठा देऊ केला. सातबारा मागताच त्यांचा फोन लागेनासा झाला.

शेवटी पठार भागातील एक डाळिंबवाले आले. वय पन्नाशीचे, पांढरी टोपी, बोलणे मोजके, आणि सोबत एक मिस्त्री. या मिस्त्रीने तपासणीची जी पद्धत अवलंबिली ती पाहून, अशा माणसाच्या हाती निबंधक खाते असते तर बोगस खरेदीखते नामशेष झाली असती, असे मला वाटून गेले. त्याने आधी बोनेट उघडले नाही. तो दारांचे रबर सोलून आतला मूळ रंग पाहू लागला, प्रत्येक काचेवर कोरलेले साल वाचले, डिकीतील स्टेपनीखाली हात घालून पत्र्याचे सांधे चाचपले, आणि मग तेलाची कांडी काढून तिच्या टोकाचा थेंब दोन बोटांत चोळला. या सर्व परीक्षांत गाडी उत्तीर्ण झाली. मग तो अंगणात पाठीवर निजून खाली सरकला आणि बराच वेळ तिथेच राहिला. भाच्याचे ओठ कोरडे पडलेले मला दिसले.

"शेठ," खालून आवाज आला, "सायलेन्सर जुना आन् नट नवे. असं उलटं कुठं असतं?"

आम्ही कोणी बोललो नाही.

"आन् पोटाला घासल्याच्या रेघा आहेत. कंपनीच्या उंचीला एवढं घासत नाही. ही गाडी कधीतरी खाली बसवलेली."

मिस्त्री बाहेर आला, त्याने हात पुसले, आणि एंजिनाकडे हनुवटीने खूण करून एकच प्रश्न विचारला, "हिच्या डोक्यात काही केलंय का?" डोके म्हणजे ती संगणकपेटी. माझ्या मते व्यवहार येथेच मोडला होता. बोजा लपविलेला सापडला की खरेदीदार उठून जातो, हे मी आयुष्यभर पाहिलेले, परंतु डाळिंबवाल्यांच्या मुद्रेवर रागाऐवजी एक प्रकारची कोवळीक पसरू लागली, त्यांनी घराच्या दाराकडे नजर टाकून आत कोणी ऐकत नाही याची खात्री केली, आणि भाच्याच्या जवळ सरकून अतिशय हलक्या आवाजात विचारले, "म्हणजे पळती का?"

भाच्याने उत्तर दिले नाही, आणि त्याचे हे न दिलेले उत्तर त्या साऱ्या व्यवहारातील सर्वांत परिणामकारक विधान ठरले. ते दोघे चंदनापुरीच्या घाटाकडे गेले. परत आले तेव्हा डाळिंबवाल्यांची टोपी मागच्या आसनावर होती, केस विस्कटलेले होते, आणि सकाळपासून जी किंमत हट्टाने खाली ओढली जात होती ती त्यांनी आपण होऊन वीस हजारांनी वर नेली. गुण जाहीर करण्यासाठी लिहिलेली जाहिरात छदामही मिळवू शकली नसती, आणि गुण दडविण्यासाठी धरलेल्या मौनाने रोख वीस हजार मिळविले. रोख म्हटल्यावर बाकी रकमेचा मुद्दा निघालाच. सारीच रक्कम पिशवीतून देण्याची त्यांची तयारी होती, परंतु 2017 पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास मनाई आहे, हे मी सांगितल्यावर त्यांनी खिन्नपणे बँकेचे पुस्तक काढले.

दस्त मीच लिहिला. पाचशे रुपयांचा मुद्रांक, लिहून देणार, लिहून घेणार, तारीख आणि वेळ मिनिटांसह, कारण ताबा घेतल्यानंतर पाच मिनिटांत होणाऱ्या अपघातांची जबाबदारी कोणाची यावरून माणसे वर्षानुवर्षे भांडतात. सदर वाहन लिहून घेणार यांनी समक्ष पाहून, तपासून व चालवून, राजीखुशीने व अक्कलहुशारीने, आहे त्या स्थितीत ताब्यात घेतले असे. येथवर लेखणी सुरळीत चालली. पुढे संगणकपेटीतील फेरफाराची खरेदीदारास माहिती दिली आहे, असे एक कलम घालावे असे माझ्या मनात होते, कारण जे दोघांना ठाऊक आहे ते कागदाला ठाऊक नसावे हे मला अजूनही सभ्यपणाचे वाटत नाही. "मामा, ते राहू द्या," असे भाचा आणि डाळिंबवाले एकाच क्षणी म्हणाले. सकाळपासून उभय पक्षांचे एकमत झाले ते या एका मुद्द्यावर.

मग नमुना 29 आणि नमुना 30 यांवर सह्या झाल्या. चासीच्या क्रमांकावर कागदाची पट्टी ठेवून वरून पेन्सिल घासली की तो क्रमांक कागदावर उमटतो, ही जी हस्तकला परिवहन खात्याने संगणकयुगातही जिवंत ठेवली आहे, तिच्यात मिस्त्रीने प्रावीण्य दाखविले. राज्यातल्या राज्यात हस्तांतर असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी कार्यालयास कळवावे, असे कलम 50 म्हणते. विम्याची पॉलिसी नावावर करून घेण्याचा अर्जही घेणाऱ्याने चौदा दिवसांतच द्यायचा असतो. शिवाय दप्तरी ज्याचे नाव तोच मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या एका निकालात स्पष्ट केलेले आहे. त्या प्रकरणातील गाडी एकाने दुसऱ्यास, दुसऱ्याने तिसऱ्यास आणि तिसऱ्याने चौथ्यास विकली होती; अपघात झाला तेव्हा दप्तरातला पहिला मनुष्यच त्यात सापडला. हा निकाल मी भाच्याला दोनदा समजावून सांगितला, आणि त्यानेही दोनदा मान हलविली. आमचे पासिंगचे कार्यालय श्रीरामपूरला. जिल्ह्याचे नाव बदलून अहिल्यानगर झाले तरी सोळा आकडा नगरकडे आणि सतरा आमच्याकडे, ही वाटणी कायम आहे. डाळिंबवाले म्हणाले, "तोडणी उरकू द्या, मग जाऊ लोणी-बाभळेश्वरवरून." भाच्याने आपले कागद एका एजंटाच्या पिशवीत टाकले, आणि पुढच्या आठवड्यात सासऱ्यांच्या गुडघ्यांना मानवेल अशी एक उंच, पांढरी, निरुपद्रवी गाडी दारात आली. बहिणीला आता ती आल्याचे कळत नाही. पोळ्या गार होतात.

तोडणी लांबली. एजंटाची पिशवीही लांबली असावी, कारण महिना उलटल्यावर एका रात्री भाचा धापा टाकत माझ्या दारी आला आणि त्याने भ्रमणध्वनीचा पडदा माझ्या डोळ्यांसमोर धरला. ते महामार्गावरचे ई-चलान होते. दप्तरात नाव अद्याप याचेच, म्हणून संदेशही यालाच आला. गाडीचा क्रमांक, दिनांक, वेळ, चंदनापुरी घाट हे ठिकाण, पांढरी टोपी अंधुक दिसेल असे एक छायाचित्र, आणि यंत्राने मोजलेला वेग. 2018 चा निकाल तिसऱ्यांदा सांगण्यासाठी मी घसा साफ केला, तेव्हा माझ्या लक्षात आले की पोराच्या चेहऱ्यावर दुःखाचा लवलेशही नाही.

"एकशे अठरा, मामा," तो म्हणाला. "आणि ते चढावर."

मी तो मजकूर पुन्हा वाचला. इतकी वर्षे ज्या गुणाला ना साक्षीदार होता, ना दाखला, ना आरसी बुकात जागा, तो गुण महाराष्ट्र शासनाने स्वतःच्या यंत्राने मोजून, स्वतःच्या खर्चाने छायाचित्र काढून, भाच्याच्या नावानिशी प्रमाणित केला होता. दंड कोणी भरावा हा प्रश्न उरला, म्हणून डाळिंबवाल्यांना फोन लावला. त्यांनी वेग मान्य केला, कर्तृत्व नाकारले. "शेठ, पाय माझा होता, पण डोकं तुमचं," असे त्यांचे म्हणणे पडले, आणि ज्या फेरफाराचे कलम मला दस्तात घालू दिले नाही त्याच फेरफाराच्या आधारावर ते आता निम्मी रक्कम मागू लागले. भाच्याने ती का-कू न करता दिली. दुसऱ्या दिवशी मी त्या दोघांना पुढे घालून श्रीरामपूरला नेले आणि हस्तांतराचा अर्ज माझ्या देखत रुजू करविला. रांगेत उभे असताना चलानाच्या दोन छापील प्रती निघाल्या, एक भाच्याने ठेवली आणि एक डाळिंबवाल्यांनी घडी करून टोपीत घातली, कारण पुढेमागे गाडी विकायची झाल्यास जोडपत्र म्हणून ती उपयोगी पडेल, असे उभयतांचे मत पडले.